झाकणाखालचा इतिहास

स्पॅनिश भाषेत ‘तापा’ म्हणजे झाकण. डब्याचे झाकण, बरणीचे झाकण, कसलेही. पण स्पेनमधल्या कुठल्याही गावात संध्याकाळी एखाद्या खाण्यापिण्याच्या दुकानात जाऊन ‘तापा’ मागितला, तर दुकानदार झाकण आणून देत नाही. तो एक चिमुकली बशी पुढे सरकवतो. तीत चार ऑलिव्हची फळे असतील, खारवलेल्या मासळीचे दोन तुकडे असतील, नाहीतर बटाट्याच्या चार फोडी असतील. अशा दोनचार बश्या झाल्या की त्यांना ‘तापास’ म्हणायचे. आता झाकणाची बशी कशी झाली?

याची एक गोष्ट स्पेनमध्ये सांगतात. राजा तेरावा आल्फोन्सो एकदा दक्षिणेकडच्या कादिझ शहराजवळ समुद्रकाठी एका दुकानात उतरला. वारा सुटला होता आणि वाळू उडत होती. राजाच्या पेल्यात वाळू जाऊ नये म्हणून वाढप्याने पेल्यावर डुकराच्या खारवलेल्या मांसाची एक चकती झाकण म्हणून ठेवली. राजाने मद्य घेतले, चकती खाल्ली, आणि ‘आणखी एक आण, झाकणासकट’ अशी आज्ञा केली. दुसरी गोष्ट याहून जुनी आहे. तेराव्या शतकातला दहावा आल्फोन्सो आजारी पडला, तेव्हा वैद्यांनी त्याला मद्याबरोबर थोडे थोडे खायला सांगितले, आणि बरा झाल्यावर त्याने तोच नियम प्रजेला घालून दिला, असे म्हणतात.

गोष्टी मौजेच्या आहेत, पण त्यांना पुरावा नाही. खाण्याच्या पदार्थाला राजाचे नाव चिकटवण्याची हौस सगळ्या देशांत सारखीच. पेल्यावर काहीतरी झाकण ठेवण्याची चाल मात्र आंदालुसिया या दक्षिण प्रांतातली, आणि शब्द तिच्यावरूनच आला असावा, असे मानतात. स्पॅनिश अकादमीच्या कोशाने हा अर्थ विसाव्या शतकात नोंदवला. म्हणजे शब्द तसा तरुणच. परंतु बशीत जे पडते ते फार जुने आहे. राजांना सोडून आपण थोडा वेळ त्या बशीकडेच पाहू.

त्यासाठी सेव्हिल शहरात जाऊ. तिथे ‘एल रिन्कोन्सीयो’ नावाचे एक दुकान आहे. नावाचा अर्थ ‘छोटा कोपरा’. १६७० साली ते सुरू झाले, असे सांगतात. म्हणजे शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक व्हायला अजून चार वर्षे होती! आजही तिथे आढ्याला डुकराच्या खारवलेल्या तंगड्या टांगलेल्या असतात. गिऱ्हाईक लाकडी फळीशी उभ्या उभ्या खाते, आणि वाढपी हिशेब खडूने त्या फळीवरच लिहितो. पैसे चुकते झाले की फडक्याने पुसून टाकतो. आपल्याकडे ‘गुत्ता’ म्हटले की भला माणूस मान खाली घालून पुढे जातो. इथे तसे नाही. आजी नातवाला घेऊन येते, टपालवाला येतो, वकील येतो. एक बशी इथे, एक पुढच्या दुकानात, असे गल्लीतून हिंडत हिंडत जेवण होते. पोट भरणे हा त्यातला एक भाग. आळीतली माणसे एकमेकांना भेटतात, हा दुसरा. माद्रिदमध्ये ‘कासा लाब्रा’ नावाचे असेच एक दुकान आहे. खारवलेल्या कॉड माशाच्या भज्यांसाठी ते प्रसिद्ध. १८७९ साली तिथेच काही छापखान्यातल्या कामगारांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी गुपचूप बसून स्पेनच्या समाजवादी कामगार पक्षाची स्थापना केली.

आता बश्यांची नावे ऐका. ऑलिव्हच्या फळाला स्पॅनिशमध्ये ‘असेतूना’ म्हणतात. हा शब्द अरबीतल्या ‘जैतून’चा. मटणाच्या गोळ्यांना ‘आल्बोंदिगास’ म्हणतात. तोही अरबी, मूळ अर्थ गोळी. तांदळाला ‘आर्रोझ’, केशराला ‘असाफ्रान’. आपण ज्याला जाफरान म्हणतो तेच हे. सेव्हिलमध्ये पालक आणि काबुली चणे जिरे-लसूण घालून शिजवतात. त्या पालकाचे नावही फारसी-अरबी वाटेने आलेले आहे. आणि सर्वांत गंमत वांग्याची. वांग्याला तिथे ‘बेरेन्हेना’ म्हणतात. हा शब्द अरबीतून आला, अरबीत फारसीतून, आणि फारसीत आपल्या हिंदुस्थानातून. हिंदीतल्या ‘बैंगन’चा तो दूरचा भाऊ. मालागाकडे वांग्याचे काप तळून त्यांवर उसाची काकवी ओततात. वांगेही आपल्या बाजूचे आणि ऊसही आपल्याच बाजूने पश्चिमेकडे गेलेला. साखरेला ते ‘असूकार’ म्हणतात, त्यातही आपली शर्कराच आहे.

ही नावे तिथे कशी राहिली? इ. स. ७११ मध्ये मुसलमान सैन्य आफ्रिकेतून स्पेनमध्ये उतरले आणि १४९२ च्या जानेवारीत ग्रानादा पडेपर्यंत द्वीपकल्पाच्या कुठल्या ना कुठल्या भागात मुसलमानी राज्य होते. त्या काळात मुसलमान, ज्यू आणि ख्रिस्ती शेजारी शेजारी राहिले, भांडले, व्यापार केला, आणि एकमेकांच्या चुलीवरचा वास घेत जगले. १४९२ च्या मार्च महिन्यात हुकूम निघाला की, ज्यूंनी एकतर ख्रिस्ती व्हावे नाहीतर देश सोडावा. पुढे १५०२ ते १५२६ या काळात मुसलमानांवरही तीच पाळी आली. जे धर्म बदलून राहिले, त्यांचा धर्म खरोखर बदलला की नाही हे पाहायला इन्क्विझिशनचे न्यायासन होतेच.

आणि हे पाहायचे कसे? मनात काय आहे ते दिसत नाही, स्वयंपाक दिसतो. त्या न्यायासनाच्या दप्तरांत स्वयंपाकघरातल्या साक्षी जागोजाग सापडतात. अमकी बाई डुकराच्या चरबीऐवजी ऑलिव्हच्या तेलात भाजी करते. तमकीच्या घरी शुक्रवारी संध्याकाळीच मंद निखाऱ्यावर कालवण चढते, म्हणजे शनिवारी चूल पेटवायला नको. अशा साक्षी कोण देई? घरातली मोलकरीण, नाहीतर भिंतीपलीकडची शेजारीण. डुकराचे मांस चारचौघांत खाणे ही स्वतःची ग्वाही देण्याची रीत होऊन बसली. आज दुकानाच्या आढ्याला टांगलेल्या त्या तंगड्यांकडे पाहताना हे आठवले की घास जरा अडतो.

गोव्यातही असाच एक हुकूम निघाला होता. तिथे इन्क्विझिशन १५६० मध्ये आले. १७३६ च्या त्याच्या जाहीरनाम्यात नवख्रिस्ती लोकांना ज्या चालीरीतींची बंदी केली, तीत हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवू नये, असेही एक कलम होते. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा आपल्याकडच्या अनेकांना हा इतिहास नीट कळला. भाताच्या पातेल्यात मीठ पडले की नाही, याची राज्याने चौकशी करावी! समुद्र दोन, पण पातेल्यात डोकावणारा डोळा एकच.

इकडे स्पेनमध्ये १६०९ साली तिसऱ्या फिलिप राजाने शेवटचा घाव घातला. मुसलमानांच्या ख्रिस्ती झालेल्या वंशजांना ‘मोरिस्को’ म्हणत. त्यांना सरसकट देशाबाहेर घालवायचे ठरले. १६१४ पर्यंत सुमारे तीन लाख माणसे जहाजांत भरून काढली गेली. त्यांत शेतकरी होते, माळी होते, खेचरवाले होते, गावातले वाणीही होते. हाच फिलिप त्या वेळी पोर्तुगालचाही राजा होता, म्हणजे गोव्यावरही त्याचेच छत्र होते.

या हद्दपारीला एक वर्ष होते न होते तोच, १६१५ मध्ये, सर्वांतेसच्या ‘डॉन किहोते’चा दुसरा भाग छापून निघाला. त्यात एक प्रसंग आहे. सांचो पांझा रस्त्याने चाललेला असताना त्याला परदेशी यात्रेकरूंची एक टोळी भेटते. त्यांतला एक जण त्याला मिठी मारतो. तो असतो रिकोते, सांचोच्याच गावचा मोरिस्को दुकानदार. हद्दपार झालेला, आणि आता वेष पालटून, गावाबाहेर पुरून ठेवलेले धन काढायला चोरून आलेला. मग ही मंडळी झाडीत गवतावर बसतात आणि झोळ्या सोडतात. भाकरी, मीठ, अक्रोड, चीजचे तुकडे, ऑलिव्हची फळे, आणि मांस संपलेली, नुसती चोखण्याजोगी डुकराची हाडे. सोबत मद्याच्या कातडी पिशव्या. तहान लागावी म्हणूनच जे खायचे असे ते पदार्थ आहेत, हेही लेखक सांगतो. तापास हा शब्द तिथे नाही, पण ती बैठक त्याच जातीची. आणि तीत बसला आहे एक माणूस, ज्याला त्या भूमीवर पाऊल ठेवायची बंदी आहे.

जेवण झाल्यावर रिकोते सांचोला बाजूला नेतो आणि मन मोकळे करतो. कुठेही गेलो तरी स्पेनसाठीच डोळे भरतात, असे त्याच्या बोलण्याचे सार. धन काढायला मदत कर, तुला वाटा देतो, असेही तो सुचवतो. सांचो मदतीला नाही म्हणतो. राजाचा द्रोह त्याला करायचा नसतो. पण मी तुझी चहाडीही करणार नाही, एवढे वचन तो देतो. दोघे निरोप घेतात. ज्या काळात शेजाऱ्याच्या पातेल्याची बातमी न्यायासनापर्यंत जाई, त्या काळात हे वचन काही लहान नव्हते. याच पुस्तकात सांचो एका मूर लेखकाचे नाव उच्चारताना चुकून ‘बेरेन्हेना’ म्हणतो, आणि मूर लोकांना वांगी फार आवडतात असे कारणही देतो. वांगे कोणाच्या नावाने ओळखले जाई, ते यावरून कळते.

माणसे गेली, बशी राहिली. आणि ती नव्या वाणांनी भरतही गेली. अमेरिकेहून मिरची आली, टोमॅटो आला, बटाटा आला. सेव्हिलच्या एका इस्पितळाच्या हिशेबात १५७३ साली बटाटे घेतल्याची नोंद आहे. आज तळलेल्या बटाट्यावर तिखट लाल रस ओतलेली ‘पातातास ब्रावास’ ही बशी माद्रिदच्या गल्लोगल्ली मिळते. तिच्यातले सगळे महत्त्वाचे वाण अमेरिकेतले. आपला ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीजांच्या तोंडून आला, आणि तो मूळचा अमेरिकेतल्या बेटांवरच्या मूळ रहिवाशांचा. पुढे विसाव्या शतकात उत्तरेकडच्या सान सेबास्तियान शहरात कोणीतरी ऑलिव्ह, लोणच्यातली मिरची आणि खारवलेली मासळी एका काडीत ओवली आणि १९४६ च्या चित्रपटावरून तिला ‘गिल्दा’ असे नाव दिले. एका काडीवर अरबी नावाचे फळ, अमेरिकेची मिरची आणि स्वतःच्या समुद्रातला मासा!

१८३४ मध्ये स्पेनमधले इन्क्विझिशन कायमचे बंद झाले. २०१५ मध्ये स्पेनच्या संसदेने कायदा करून १४९२ साली घालवलेल्या ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व मागण्याची वाट मोकळी केली. अर्जांची मुदत २०१९ मध्ये संपली. मोरिस्कोंच्या वंशजांसाठी मात्र तसा कायदा झाला नाही. रिकोतेची नातवंडे अजून बाहेरच आहेत.

सेव्हिलला नदीपलीकडे त्रियाना नावाची वस्ती आहे. तिथल्या सान होर्हे किल्ल्यात इन्क्विझिशनचे ठाणे होते. किल्ला पाडला गेला, आणि त्या जागेवर आता भाजी-मासळीचा बाजार भरतो. बाजाराखाली किल्ल्याचे अवशेष जपून ठेवले आहेत, ते पाहता येतात. वर बाजारातच खाण्याचे गाळे आहेत. दुपारी माणसे तिथे फळीशी उभी राहून ऑलिव्ह खातात, आल्बोंदिगास मागवतात, शेजाऱ्यापुढे आपली बशी सरकवतात. कोण काय खातो आणि काय खात नाही, हे तिथे आता कोणी लिहून घेत नाही. वाढपी लिहितो तो फक्त हिशेब.