ओट्याचा दगड

घरांतील वस्तूंचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. कारण त्या मोडेपर्यंत त्यांच्याकडे कोणाचें लक्षच जात नाहीं. गेल्या पावसाळ्यांत आमच्या स्वयंपाकघरांतील ओटा तडकला, आणि त्याची पूर्वपीठिका शोधण्याची बुद्धि आम्हांस झाली. घराची डागडुजी करतांना एका गवंड्यानें काळ्या ग्रॅनाइटची सहा फूट लांब फरशी दोन उभ्या कडप्प्यांवर बसविण्याचें ठरविलें होतें. दगड जड, म्हणून मध्यें तिसरा आधार द्यावा, ही सूचना आमची. ती त्यानें निमूटपणें मानली. काम दोन दिवसांत उरकलें. पहिल्या महिन्यापासून सौभाग्यवतींचें म्हणणें असे कीं, कणीक तिंबतांना उजवें टोंक हलतें, आणि सांडलेलें पाणी सिंककडे न जातां भिंतीशीं जाऊन मुरतें. एवढी शिळा हलते, हें आम्हांस खरें वाटेना. आम्हीं एकदां तळहात टेकून पाहिला, कांहीं जाणवलें नाहीं, आणि तो विषय आमच्यापुरता संपला. आठ महिन्यांनीं बरोबर मधल्या आधारावर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, केसासारखी रेघ उमटली.

आमच्या आजीच्या पिढीस ओटा ठाऊक होता. पण तो घरापुढचा, चार माणसांनीं बसून बोलण्याचा. स्वयंपाक जमिनीवर होत असे. चूल आणि वैल जमिनीवर, चिरणें विळीवर, वाटणें पाट्यावर, दळणें जात्यावर. सारीं कामें बसून. त्या स्वयंपाकघरांत दगड नव्हता असें नाहीं. परंतु तो जिच्या हाताखालीं असे, तिच्याच देखरेखीखालीं असे. पाटा गुळगुळीत झाला कीं दारावरून हाक देत जाणाऱ्या पाथरवटास थांबवून ती त्यास टाकी लावून घेई. जात्याचा खुंटा सैल झाला तर तो घरांत प्रथम तिला कळे, आणि तिचा शब्द त्या बाबतींत अखेरचा मानला जाई.

हा दगड उभ्या माणसाच्या कमरेशीं कसा आला, यास दोन कारणें झालीं. पहिलें कारण फरशीचें. आमच्या पठाराचा काळा पाषाण मोठा टणक. त्याचे चिरे घडतात, त्यांत लेणीं कोरतां येतात. परंतु त्याच्या पातळ फरश्या सहजासहजीं निघत नाहींत. शहाबादचा आणि कडप्प्याचा दगड जातीनें चुनखडीचा. तो प्राचीन समुद्राच्या तळाशीं थरावर थर बसून झाला, त्यामुळें पहारेनें थर उचकटले कीं फरशी हातीं येते. १८७१ सालीं मुंबईकडून गेलेला लोहमार्ग आणि मद्रासेकडून आलेला लोहमार्ग रायचूर येथें एकमेकांस मिळाले. आज कर्नाटकांत असलेलें शहाबाद आणि आंध्र प्रदेशांत असलेलें कडप्पा हीं दोन्ही स्थळें याच मार्गावरचीं. बैलगाडीस न पेलणारा हा माल आगगाडीनें दूरदूर जाऊं शकला, आणि गांवाचें नांवच दगडाचें नांव होऊन बसलें. चिंच, लिंबू व आमसूल यांच्या आंबटानें चुनखडीचा दगड खाल्ला जातो व त्यावर पांढुरके डाग पडतात. ग्रॅनाइटास ही बाधा होत नाहीं. म्हणून पुढें वरची फरशी ग्रॅनाइटची आणि खालचे आधार कडप्प्याचे, अशी वांटणी रूढ झाली.

दुसरें कारण उभ्यानें काम करण्याचें. अमेरिकेंत कॅथरिन बीचर व तिची बहीण हॅरिएट बीचर स्टो यांनीं १८६९ सालीं गृहव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथांत जहाजावरील आटोपशीर पाकगृहाचा दाखला घेऊन, सलग फळीवर सर्व साहित्य हाताशीं येईल अशी योजना मांडली. १९२६ सालीं मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या स्थापत्यविशारद स्त्रीनें फ्रँकफुर्ट शहरांतील नव्या वसाहतींकरितां एक छोटें स्वयंपाकघर आंखलें. तें सुमारें दहा हजार घरांत बसविलें गेलें. आगगाडीच्या भोजनडब्यांतील पाकगृह तिच्या डोळ्यांपुढें होतें, आणि गृहिणीचीं पावलें व मिनिटें मोजून तिनें जागा ठरविल्या होत्या. तोंपर्यंत आपण स्वतः कधीं स्वयंपाक केला नव्हता, हें तिनें पुढें मोकळेपणानें सांगितलें. आमच्याकडे ओटा घरोघर पोहोंचविला तो मुख्यत्वें गॅसनें. १९५५ च्या सुमारास मुंबईंत घरगुती गॅस आला, आणि १९६५ सालीं इंडेन सुरू झाला. सिलिंडर जमिनीवर, तर शेगडी त्याहून उंच असावयास हवी. तेव्हां चुलीबरोबर चुलीपुढची स्त्रीहि उठून उभी राहिली.

हा लाभ लहान नव्हे. धुरांत बसून गेलेल्या पिढ्या ज्यांनीं पाहिल्या, ते त्यास कमी लेखणार नाहींत. परंतु या स्थित्यंतरांत एक गोष्ट नकळत हातची गेली. पाट्यावर तिचा जो अधिकार होता, तो ओट्यावर आला नाहीं. ओट्याची उंची, उतार आणि आधार हीं गवंड्यानें व यजमानानें बाहेरच्या खोलींत ठरवावयाचीं, आणि तिनें त्यांवर जन्मभर राबावयाचें, असा प्रघात पडला.

दुरुस्तीसाठीं आम्हीं एका वयोवृद्ध गवंड्यास बोलाविलें. त्यानें फरशीवर रुपया वाजवीत वाजवीत हात फिरविला; मध्यें ठणठणीत आवाज, कडेस पोकळ. मग त्यानें विचारलें, "हें आधीपासून हलत होतं का?"

"पहिल्या महिन्यापासून," सौभाग्यवती म्हणाल्या.

"मग तेव्हांच बोलवायचं होतंत." हें तो आमच्याकडे पाहून बोलला.

फरशी उचलल्यावर सर्व उघड झालें. उजवा कडप्पा आंखूड पडला होता, आणि ती उणीव दगडाच्या कपच्या कोंबून झांकली होती. सिमेंट सलग पसरलेलें नव्हतें. पांचसहा ठिकाणीं गोळे ठेवलेले होते. भिंतीकडे मुरलेल्या पाण्यानें आणि रोजच्या हादऱ्यानें कपच्या सुटल्या, टोंक अधांतरीं राहिलें, आणि दगडाचा भार मधल्या आधारावर तोलला गेला.

तें पाहून आम्हांस गॅलिलिओच्या १६३८ सालच्या ग्रंथांतील एक हकीगत आठवली. एक संगमरवरी खांब दोन ओंडक्यांवर आडवा ठेविला होता. तो मध्यें मोडूं नये म्हणून एका कारागिरानें तिसरा ओंडका मधोमध सारला. सर्वांस ती युक्ति पसंत पडली. कांहीं महिन्यांनीं खांब बरोबर त्या नव्या आधारावरच तडकला. टोंकाचा एक ओंडका कुजून खचला होता, मधला तसाच ताठ होता. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाहीं. टोंक लोंबलें कीं त्याची वरची बाजू ताणली जाऊन फाटते. ही हकीगत आम्हांस विद्यार्थिदशेपासून ठाऊक होती.

वृद्धानें पाणसळ लावून आधार एका पातळींत आणले आणि उतार पुढच्या बाजूस, सिंककडे दिला. हें शहाणपण जुनें आहे. उघड्यावरील फरसबंदीस दहा फुटांमागें दोन अंगुळें उतार असावा, असें रोमन स्थपति व्हिट्रुव्हिअस यानें दोन हजार वर्षांपूर्वीं लिहून ठेविलें. तडा बुजत नसतो, म्हणून रेघेवरच फरशी सरळ कापून, सांध्याखालीं दोन कडप्पे जोडीनें उभे केले. सिमेंट घालण्यापूर्वीं त्यानें सौभाग्यवतींस हांक मारली. "ताई, इथं उभ्या राहा आणि लाटणं फिरवून दाखवा." त्यांच्या कोपराखालीं चार अंगुळें धरून त्यानें भिंतीवर खूण केली. जुना ओटा त्या खुणेहून दोन इंच उंच निघाला. वर्षभर त्यांचे खांदे कां दुखत होते, याचा उलगडा त्या दिवशीं झाला.

सांधा आतां स्पष्ट दिसतो. नवी फरशी आणावी काय, असें आम्हीं विचारलें. सौभाग्यवतींनीं परातींत कणीक घेतली, उजव्या टोंकावर ती मळली, आणि नको म्हणून सांगितलें. या वेळीं आम्हीं तळहात टेकून पाहिला नाहीं.