पाच स्टार, पण कुणाला?

परवा इंदिरानगर बोगद्यापाशी ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. शेजारच्या गाडीत कुणीच पट्टा लावलेला नव्हता. मी सुचवलं, तर उत्तर आलं, "काका, पाच स्टार गाडी आहे!"

मंडळी, हे स्टार डमीच्या जिवावर मिळतात. १९४९ साली अमेरिकन हवाई दलासाठी 'सिएरा सॅम' हा पुतळा बनला. १९७६ मध्ये 'हायब्रिड थ्री' आला. डोकं, मान, छातीला बसलेला मार तो मोजतो. डोळ्यांचं मात्र काही सांगत नाही. आणि डोळा किती महाग पडतो? १९६१ साली इंग्लंडात मोटार अपघातात काचेचा तुकडा घुसला आणि पतौडींच्या उजव्या डोळ्याची नजर जवळपास गेली. चेहरा आणि डोळ्यांवरचा मार मोजणारं 'फोकस' नावाचं डोकं आलं ते या शतकात, अमेरिकन लष्करासाठी.

आपल्याकडे २०२३ पासून भारत एनसीएपी आहे. एआरएआयच्या चाकण केंद्रात गाड्या आदळून बघतात. पण तिथे डमीला आधी पट्टा बांधतात, मगच गाडी आदळतात. आपण पट्टा लावला नाही, तर ते स्टार डमीचे. आपले नाहीत. तोंड थेट डॅशबोर्डवर.

पटलं तर घरच्यांनाही सांगा. मागच्या सीटवरच्यांना आधी.