फोटोत नसलेले फूल

आमच्या घरच्या जुन्या अल्बममध्ये एक चौकोनी फोटो आहे. १९७१ सालच्या जानेवारीत डोंबिवलीच्या आमच्या वाडीत काढलेला. विहिरीचा कठडा, फणसाचे झाड, दोन बांबूंना बांधलेली जाळी, गॅलरीत दाटीवाटीने उभी असलेली बिऱ्हाडे. जाळीच्या अलीकडे माझे वडील, पलीकडे काका. दोघांच्या हातांत रॅकेटी. सगळ्यांच्या नजरा वडिलांच्या डोक्यावर एका जागी खिळल्या आहेत आणि त्या जागी काहीच नाही. बॅडमिंटनचे फूल फोटोत आलेलेच नाही!

त्या न आलेल्या फुलावरून आमच्या घरात त्रेचाळीस वर्षे वाद चालला.

मी शाळेत इतिहास शिकवतो. पुरावा नसेल तर बोलू नये, असे मुलांना बजावतो. पण हौसेने खेळल्या जाणाऱ्या खेळाचा पुरावा उरतो कुठे? या खेळाचेच पाहा ना. नाव मिळाले ते इंग्लंडातल्या एका उमरावाच्या वाड्याचे. परंतु १८७३ साली त्याचे पहिले नियम बांधले गेले ते आपल्या पुण्यात, लष्करी छावणीत. त्या काळी साहेब लोक या खेळाला ‘पूना’च म्हणत. (पुणेकरांच्या अभिमानात आधीच काही उणे नाही, त्यात भर घातल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.) वारा सुटला किंवा पाऊस आला की फुलाऐवजी लोकरीचा चेंडू घेत. लोकरीच्या चेंडूचा हा खेळ तंजावरकडे १८५० नंतरच्या दशकात चालू होता. रजेवर किंवा पेन्शनीवर मायदेशी परतलेल्या अंमलदारांनी हे वेड सोबत नेले आणि १८७५ च्या सुमारास फोकस्टन गावी क्लब काढला. तिकडे १८८७ पर्यंत पुण्याचेच नियम चालले. मग बाथ गावच्या हार्ट नावाच्या गृहस्थाने ते सुधारले, १८९३ मध्ये इंग्लंडची संघटना झाली, आणि ‘पूना’ हे नाव मागे पडून वाड्याचे नाव तेवढे राहिले. १८६० साली लंडनच्या एका खेळण्यांच्या व्यापाऱ्याने या नव्या खेळावर पुस्तिका काढल्याची नोंद आहे. मात्र तिची एकही प्रत आज सापडत नाही.

मला सर्वांत गंमत वाटते ती मैदानाच्या आकाराची. १९०१ पर्यंत ते आजच्यासारखे सरळ चौकोनी नव्हते. दोन्ही टोकांना रुंद, मध्ये जाळीपाशी आवळलेले, थेट आपल्या शंकराच्या डमरूसारखे! हे वाचले तेव्हा आमच्या वाडीची लाज वाटायची थांबली. नियमाप्रमाणे मैदान चव्वेचाळीस फूट लांब हवे; विहीर आणि फणस यांच्यामध्ये जागा होती अडतीस फूट, तीही फणसाकडे निमुळती. जागा असेल तसा खेळ बसवून घ्यायचा, ही रीत काही आमच्या वाडीने शोधलेली नव्हती.

वाडीत हे वेड शिरले ते नंदू नाटेकरांमुळे, असे काका सांगतात. सांगलीत जन्मलेल्या या माणसाने १९५६ साली क्वालालंपूरला स्पर्धा जिंकली. परदेशी अजिंक्यपद मिळवणारा तो पहिला भारतीय बॅडमिंटनपटू. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा बॅडमिंटनचा पहिला मान त्यांचाच. त्यांच्याही आधी संस्कृतचे प्राध्यापक आणि क्रिकेटमहर्षी दि. ब. देवधर यांच्या लेकी तारा, सुंदर आणि सुमन यांनी राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली होती. आमची आजी म्हणे त्यांचा दाखला देऊन आत्याला रॅकेट हातात घेऊ देई, लोकांनी नावे ठेवली की म्हणे, “प्राध्यापकांच्या मुलींना चालते, ती माझ्या मुलीला का चालू नये?”

तर १९७१ चा तो अंतिम सामना, भाऊ विरुद्ध भाऊ. काकांना जिंकायला एकच गुण हवा होता. त्यांनी फूल उंच मागे टोलावले. वडील म्हणाले, “बाहेर!” काका म्हणाले, “रेषेवर!” पंच म्हणून खुर्चीवर बसवलेले आजोबा नेमकी तेव्हा तपकीर ओढत होते. फूल वडिलांच्या बाजूला पडलेले, म्हणून त्यांचा शब्द धरला गेला, सर्व्हिस त्यांच्याकडे आली आणि पुढे सामनाही तेच जिंकले. काका आठ दिवस बोलले नाहीत. नंतर बोलू लागले, पण दर दिवाळीला फराळाच्या ताटावर “तू खोटं बोललास” हे वाक्य ठरलेले. हसत म्हणत, पण म्हणतच. २०१४ साली वडील गेले आणि वाद एका बाजूने मिटला.

फोटो शेजारच्या एका बँकेतल्या कारकुनांनी काढला होता, बडोद्यास बनणाऱ्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याने. रोलमध्ये फोटो बारा. शेवटचा त्यांनी शेवटच्या गुणासाठी राखला आणि क्षणभर आधीच खटका दाबला. त्या कॅमेऱ्याची झडप सेकंदाचा सुमारे तिसावा भाग उघडी राही. ताशी शंभर किलोमीटरने जाणारे फूल तेवढ्यात तीन फूट सरकते. उंचावरून सावकाश खाली येणारेही पुसट होते. मग दिसणार काय?

वाडीच्या जागी आता सात मजली इमारत आहे. यंदा २६ जानेवारीला खाली गाड्या हलवून, खडूने रेषा आखून रहिवाशांची स्पर्धा झाली आणि फोटोंचे काम मास्तरांच्या गळ्यात पडले. मागून आणलेला कॅमेरा सेकंदाच्या हजाराव्या भागात फोटो टिपणारा. एका फोटोत फूल असे थांबले आहे की पिसे मोजावीत. नियमाने सोळा लागतात.

तो फोटो आणि जुना अल्बम घेऊन मी ठाण्याला काकांकडे गेलो. काकांनी भिंग लावून नव्या फोटोतल्या पिसांचे कौतुक केले. मग जुना फोटो भिंगाखाली धरला आणि बराच वेळ गप्प राहिले.

“इतकी वर्षं मी फूलच शोधत होतो रे,” ते म्हणाले. “दादाचा हात कधी पाहिलाच नाही.”

मी वाकून पाहिले. वडिलांची रॅकेट खाली होती, गुडघ्यापाशी. एक पाय बाजूला घेतलेला. फूल अजून हवेत होते आणि त्यांनी ते सोडून दिले होते.

“बाहेर जातंय असं वाटल्याशिवाय कोण सोडेल?” काका म्हणाले. “पडलं रेषेवरच. मी पाहिलंय. पण त्याला खरंच बाहेर वाटलं होतं.”

त्यांनी भिंग पुसून डबीत ठेवले. निघताना म्हणाले, “याची एक प्रत काढून आण. मोठी काढ.”