पेशीतूनच पेशी: एका शोधाची आणि एका नावाची गोष्ट

मागच्या व्याख्यानात आपण श्लायडेन आणि श्वान यांच्यापर्यंत आलो होतो. सजीवांचं शरीर पेशींचं बनलेलं असतं, हे १८३८-३९ मध्ये एकाने वनस्पतींबद्दल आणि दुसऱ्याने प्राण्यांबद्दल सांगितलं. आज आपण त्याच्या पुढचा प्रश्न घेऊ. शरीर वाढतं, तेव्हा या नव्या पेशी येतात कुठून?

शाळेपासून आपल्याला उत्तर पाठ आहे: एका पेशीच्या दोन होतात. पण श्वान यांचं उत्तर वेगळं होतं. त्यांच्या मते पेशींबाहेरच्या द्रवात आधी एक कण जमतो, त्याभोवती केंद्रक बनतं आणि केंद्रकाभोवती पेशी. साखरेच्या पाकात दोरा सोडला की खडीसाखर जमते ना, तसंच काहीसं. स्फटिकाची उपमा खुद्द श्वान यांनीच दिली होती. आपण त्यांना हसायला नको. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसत होत्या, पण त्यांचा जन्म होताना दिसणं फार अवघड होतं.

हे ज्यांनी चिकाटीने पाहिलं ते रॉबर्ट रेमाक. जन्म १८१५, पोझनान शहरातला. ते तेव्हा प्रशियाच्या ताब्यात होतं. रेमाक ज्यू होते. प्रशियाच्या विद्यापीठात ज्यू माणसाला अध्यापक होता येत नसे. बाप्तिस्मा घेतला असता तर दार उघडलं असतं, पण त्यांनी धर्म बदलला नाही. खूप अर्जविनंत्यांनंतर १८४७ मध्ये बर्लिन विद्यापीठात शिकवायची परवानगी मिळाली, तीसुद्धा बिनपगारी. पोटासाठी त्यांना डॉक्टरकी करावी लागे.

१८४१ मध्ये कोंबडीच्या गर्भातल्या रक्तपेशी दुभंगताना त्यांनी पाहिल्या. पण एका निरीक्षणावर ते थांबले नाहीत. पुढची दहा-अकरा वर्षं ते गर्भांचाच अभ्यास करत राहिले. बेडकाचं अंडं फलित झालं की त्याचे दोन, चार, आठ असे भाग होत जातात, हे इतरांनीही पाहिलं होतं. हे भाग म्हणजेच पेशी आणि पुढे सगळं शरीर त्यांच्याच विभाजनातून घडतं, हे रेमाक यांनी दाखवलं. १८५२ मध्ये त्यांनी स्पष्टच लिहिलं: पेशी पेशीबाहेर तयार होत नाहीत. आणि शरीरात रोगामुळे वाढणाऱ्या ऊतींनाही हाच नियम लागू असणार.

आता बघा, यात पणाला काय लागलं होतं. गाठ जर बाहेरच्या द्रवातून जमत असेल तर दोष त्या द्रवात शोधायचा. गाठ पेशींतूनच येत असेल तर ती आपल्याच पेशींची बिघडलेली वाढ ठरते. कर्करोगाकडे पाहायची दृष्टीच बदलते.

१८५५ मध्ये रुडॉल्फ फिरखो यांनी लेख लिहिला: प्रत्येक पेशी पेशीतूनच येते. रेमाक यांचं नाव त्यात नव्हतं. रेमाक यांनी पत्र लिहून नाराजी कळवली. गंमत म्हणजे ते लॅटिन वाक्यही फिरखोंचं नव्हतं; फ्रान्सच्या रास्पाय यांनी ते १८२५ मध्येच वापरलं होतं. फिरखोंचं काम छोटं नाही. रोगाचा विचार पेशीपासून करायला त्यांनी वैद्यकाला शिकवलं, १८५८ चा त्यांचा ग्रंथ त्यासाठीच गाजला. पण १८५६ पासून ते बर्लिनमध्ये प्राध्यापक होते, आणि रेमाक यांना पूर्ण प्राध्यापकपद शेवटपर्यंत मिळालं नाही. १८६५ मध्ये ते वारले.

पेशी दुभंगते हे ठरलं, पण कशी दुभंगते? त्यासाठी नवे कृत्रिम रंग कामी आले. वाल्थर फ्लेमिंग यांनी सॅलॅमँडरच्या अळ्यांतल्या मोठ्या पेशी रंगवून पाहिल्या. केंद्रकातले धागे आखूड, जाड होतात, प्रत्येक धागा उभा चिरला जातो आणि दोन्ही अर्धे दोन बाजूंना जातात. १८८२ च्या ग्रंथात त्यांनी हे सचित्र मांडलं. सूत या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी या क्रियेला ‘मायटोसिस’ म्हटलं. आपण सूत्री विभाजन म्हणतो.

पाठ्यपुस्तकात हा सगळा प्रवास एका ओळीत उरकतो आणि बहुतेक वेळा तिथे फिरखोंचं नाव असतं. ज्याच्याकडे खुर्ची असते त्याचं वाक्य लवकर ऐकू जातं. इतिहास वाचताना आपण एवढं तरी करू शकतो: वाक्य कोणाचं, हे विचारल्यावर पाहिलं कोणी, हेही विचारू.

पुढच्या वेळी फ्लेमिंग यांच्या त्या धाग्यांपासून, म्हणजे गुणसूत्रांपासून सुरुवात करू.