संगणक प्रक्रियकाची भार-कसोटी व गाभ्यांचे तापमान

संगणकाच्या प्रक्रियकास दीर्घकाळ पूर्ण क्षमतेने गणन करावयास लावून त्याची उत्तरे अचूक राहतात की नाही व त्यात निर्माण होणाऱ्या उष्णतेचा पुरेसा निचरा होतो की नाही, हे तपासण्याच्या पद्धतीस भार-कसोटी म्हणतात. प्रक्रियकातील स्वतंत्रपणे गणन करू शकणारा प्रत्येक विभाग म्हणजे गाभा होय.

उष्णतेचा प्रश्न संगणकाइतकाच जुना आहे. अमेरिकेतील एनिॲक (१९४६) या संगणकात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक संगणकात सुमारे २,७०० नलिका होत्या. या यंत्रांत उष्णता मोठमोठ्या मांडण्यांवर विभागली जाई व बिघडलेली नलिका बदलता येई. पुढे सर्व मंडले सिलिकॉनच्या एका चकतीवर आली व उष्णताही तेथेच एकवटली. ट्रँझिस्टर लहान करताना विद्युत् दाबही त्याच प्रमाणात कमी केल्यास दर क्षेत्रफळामागील शक्तिव्यय वाढत नाही, असे रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखविले. २००५ च्या सुमारास गळती प्रवाहामुळे हा नियम लागू पडेनासा झाला. परिणामी वेग वाढविण्याऐवजी गाभ्यांची संख्या वाढविण्यात आली आणि त्यांच्या असमान तापमानाचा प्रश्न पुढे आला.

कसोटीसाठी मोठ्या आकडेमोडीचे कार्यक्रम वापरतात. लिनपॅक हा मुळात वेगमापनाचा कार्यक्रम होय. त्यावर पुण्यातील ‘एका’ महासंगणकाने सेकंदास ११७.९ लक्ष कोटी क्रिया करून नोव्हेंबर २००७ मध्ये जागतिक यादीत चौथे स्थान मिळविले. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या मर्सेन मूळसंख्या शोधातील कार्यक्रमही याच कामी येतो. उत्तर आधीच ज्ञात असल्याने लहानशी चूकही उघड होते. तथापि तापमान योग्य असले म्हणजे गणन अचूकच असते असे नाही. टॉमस नाइसली यांना १९९४ मध्ये पेंटियममध्ये आढळलेला भागाकाराचा दोष उष्णतेचा नसून रचनेचा होता.

गाभ्यांतील संवेदक बहुधा कमाल मर्यादेपासूनचे अंतर मोजतात व त्या मर्यादेजवळ अधिक विश्वसनीय असतात. म्हणून यंत्र निष्क्रिय असतानाच्या फरकास फारसे महत्त्व देऊ नये. पूर्ण भाराखाली पाच-दहा अंशांचा फरक सामान्यतः दोष मानीत नाहीत. मधल्या गाभ्यास शेजारच्या गाभ्यांची उष्णता मिळते, कडेचा तुलनेने थंड राहतो. फरक याहून बराच मोठा असल्यास शीतक काढून, उष्णतावाहक लेप नव्याने लावून व स्क्रू सारखे आवळून कसोटी पुन्हा घ्यावी. तापमानांचा क्रम बदलल्यास दोष शीतकाच्या स्पर्शात होता असे समजावे. न बदलल्यास कारण चकतीत किंवा तिच्यावरील आवरणाच्या आतील जोडणीत असण्याचा संभव अधिक.

जळगाव व धुळे जिल्ह्यांत या निष्कर्षांना हवामानाची जोड द्यावी लागते. तापी खोऱ्यात मे महिन्यात तापमान ४५° से.च्या आसपास जाते. जो गाभा भाराखाली भोवतालच्या हवेपेक्षा ५०° से.नी तापतो, तो २५° से.च्या खोलीत ७५° से.वर, तर ४५° से.च्या खोलीत सुमारे ९५° से.वर पोहोचतो. अनेक प्रक्रियकांची मर्यादा १००° से.च्या जवळपास असते. ती गाठताच प्रक्रियक स्वतःचा वेग घटवितो. अशा वेळी सर्वांत तप्त गाभा प्रथम मर्यादा गाठतो व हिवाळ्यात निरुपद्रवी असलेला फरक उन्हाळ्यात अडचणीचा ठरतो. शिवाय धूळ व कापसाचे तंतू शीतकाच्या पात्यांत अडकल्यास हवेचा मार्ग रोधला जातो. यास्तव कसोटीच्या नोंदीत प्रत्येक गाभ्याच्या तापमानाबरोबर खोलीचे तापमानही लिहिणे आवश्यक असते. त्यावाचून दोन ऋतूंतील आकड्यांची तुलना करता येत नाही.