खो-खो आणि नगर जिल्ह्यातील शाळा

खेळाचा इतिहास म्हटला की विजेत्यांची नावे आणि ढाली डोळ्यांसमोर येतात. परंतु एखादा खेळ आपला मुलूख ओलांडून दुसरीकडे रुजतो तो केवळ विजेत्यांमुळे नव्हे. त्याला छापील नियम लागतात, शाळेच्या वेळापत्रकात तास लागतो आणि हाती शिट्टी घेऊन उन्हात उभा राहणारा मास्तर लागतो.

खो-खो हा अस्सल देशी खेळ. म्हणून तो खेड्यातून शहरात आला, असा आपला सर्वसाधारण समज आहे. शिवाशिवीचा मूळ खेळ कितीही जुना असो, आज शाळेत खेळला जातो तो नियमबद्ध खो-खो मात्र उलट वाटेने आला. त्याचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने ठरविले. १९२४ साली बडोद्याच्या जिमखान्याने ते छापून प्रसिद्ध केले. तोंडी नियम गावागणिक बदलतो. छापील नियमाने दोन अनोळखी गावांना एकमेकांशी खेळता येते.

हे नियम खेड्यात पोचायचे तर आधी तेथे शाळा हवी. नगर जिल्ह्यात प्रवरेच्या कालव्याने राहुरी-श्रीरामपूरकडे ऊस पिकू लागला. पारनेर-पाथर्डीकडे मात्र दुष्काळ पाचवीला पुजलेला. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळा कालांतराने या जिल्ह्यात पसरल्या. १९५० च्या सुमारास प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि उसाच्या पैशाला शिक्षणाची वाट सापडली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे गेला.

अशा शाळांना क्रिकेटचे साहित्य कोठून परवडणार? खो-खोला सुमारे चार फुटी दोन खांब, फक्कीच्या रेषा आणि मोकळे पटांगण पुरते. आठ गडी आलटून-पालटून विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. त्याला मध्यरेषा ओलांडता येत नाही, की मागे वळता येत नाही. कितीही चपळ असला तरी योग्य क्षणी त्याला सोबत्यास ‘खो’ द्यावाच लागतो. शाळेला शिकवायचे असते तेच हा खेळ शिकवितो.

१९५९-६० साली विजयवाड्याला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. लगोलग पुढच्या वर्षी कोल्हापुरात महिलांचीही झाली. खेड्यातल्या मुलीला चारचौघांत मैदानावर धावण्यास मिळालेली ही मोठीच मुभा होती.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी तो जिंकला आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. अभिमान वाटावा असेच हे यश आहे. परंतु मोठ्या स्पर्धा आता मातीवरून मॅटवर गेल्या आहेत. मॅट विकत घेणे दुष्काळी गावच्या शाळेच्या आवाक्यातले नाही. ज्या खेळाने गरिबी आड येऊ दिली नाही, त्याच खेळाच्या दारात आता किमतीचा उंबरठा उभा राहत आहे. निदान तालुक्यागणिक एक सामाईक मॅट आणि प्रत्येक शाळेत खेळाचा राखीव तास, एवढे आपण मागितले पाहिजे. पुण्या-बडोद्याने नियम दिले. ते जिवंत ठेवले पटांगणावरच्या पोरांनी. त्यांना अंतिम सामन्याबाहेर बसविणे न्यायाचे होणार नाही.