भीतीच्या पहाऱ्यातले दगड

मंडळी, मी राहतो त्या हेब्बाळमधल्या एका दगडाबद्दल आज बोलायचंय. पण आधी आयर्लंडला जाऊन येऊ.

तिथे शेताच्या मधोमध मातीच्या गोल बांधाने वेढलेल्या जागा दिसतात. देशभर अशा हजारो आहेत. मुळात ही हजार-पंधराशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची राहती ठिकाणं. आत घर, बाहेर बांध. लोक मात्र मानत आले की इथे परीलोकांची वस्ती आहे. बांध उकरला किंवा आतलं काटेझाड तोडलं, तर गुरं मरतील, घरात आजारपण येईल. या पऱ्या गोष्टीतल्या पंखवाल्या नव्हेत. आपल्या आसरा जशा, मान राखला तर गप्प, नाहीतर कोपणाऱ्या. १९९९ साली क्लेअर परगण्यात लाटून इथलं असंच एक झाड नव्या रस्त्याच्या आड आलं. एडी लेनिहान या कथेकऱ्याने बोंब ठोकली आणि झाड वाचलं!

हसू नका. कोकणातल्या देवराया याच धाकावर टिकल्या. शिलाहार-यादवांच्या काळात तर दानपत्र मोडणाऱ्यासाठी शिवीच दगडात कोरली जाई. तोच गधेगळ. वर चंद्र-सूर्य, खाली गाढव आणि बाई. दान बळकावणाऱ्याच्या आईवरची ती शिवी अक्षरओळख नसलेल्यालाही कळावी, म्हणून चित्र. पुढे अर्थ विसरला आणि दगडाचीच भीती उरली. वीरगळांचंही तेच. कुणी शेंदूर फासला, कुणी म्हसोबा म्हणून नारळ फोडला. दगड वाचला, पण कोण लढला आणि कशासाठी, ते शेंदराखाली गेलं. ही भीती पहारेकरी म्हणून चांगली, पण कशावर पहारा देतोय हे तिला ठाऊक नसतं.

आता हेब्बाळ. २०१८ साली इथे सांडपाण्याच्या वाहिनीसाठी खणताना एक वीरगळ वर आला. याच्या वाट्याला भूतही नव्हतं, शेंदूरही नव्हता. तो नुसता गाडला गेला होता. त्यावरचा कन्नड लेख सुमारे इ.स. ७५० चा, गंग राजा श्रीपुरुषाच्या काळचा. त्यात गावाचं जुनं नाव आहे, पेर्बोळल. आणि लढाईत पडलेल्या एका माणसाचं, कित्तय्याचं. ज्या हल्ल्यात तो पडला, त्याचा संबंध अभ्यासक राष्ट्रकूटांशी लावतात. म्हणजे तेव्हाचा शत्रू आपल्या बाजूचा, हेही मराठी माणसाने ऐकून ठेवावं.

फौजेत उमेदीची वर्षं गेली म्हणून असेल, पण मला या लेखात राजापेक्षा कित्तय्या मोठा वाटतो. साध्या माणसाचं नाव पावणेतेराशे वर्षं दगडावर राहिलं, हे काय कमी आहे?

शिलालेखांमागे हिंडणाऱ्या नागरिकांनी तो दगड उचलला, अक्षरं लावली, लोकांना वाचून दाखवली. मग त्याच्यासाठी दगडी मंडप उभा राहिला. कुणाची गुरं मरतील असं त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं ते एवढंच, की हा कित्तय्या तुमच्याच गावचा.